धबधबा विकणाऱ्यांनी रस्त्याचाही हिशेब द्यावा

मृग लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग मोबाईलवर विकायला निघतो. जांबोटी, कणकुंबी, पारवाड, चोर्ला घाट. ड्रोनने काढलेला धुक्याचा व्हिडिओ, त्यावर गाणं, खाली रिसॉर्टचा नंबर आणि एक ठरलेली ओळ : 'बेळगावपासून फक्त तासाभरावर'. मंगळवारी ही ओळ खरी असते. रविवारी दुपारी ती खोटी असते, आणि जाहिरात देणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मला एवढंच म्हणायचंय की जो डोंगर विकतो, त्याने त्या डोंगराला जाणाऱ्या रस्त्याचाही हिशेब द्यायला पाहिजे. किती गाड्या मावतात, त्या थांबणार कुठे, आलेल्या बायाबापड्यांनी लघवीला जायचं कुठे, आणि त्या दिवशी गावातलं माणूस आजारी पडलं तर ते बेळगावला पोचणार कसं. यातला एकही प्रश्न जाहिरातीत नसतो, कारण उत्तर द्यायची जबाबदारीच कुणावर टाकलेली नाही.

हे पर्यटकांच्या विरोधात नाही, आधीच सांगते. आमचं घर रस्त्याला लागून आहे. गेल्या पावसाळ्यात असंच एका रविवारी हुबळीचं एक कुटुंब आमच्या दारात गाडीतच अडकून पडलं होतं. गाडी ना पुढे ना मागे. सोबत म्हातारी सासू आणि दोन पोरं. शेवटी त्या बाई उतरल्या, 'अक्का' अशी हाक मारली आणि पुढचं बोलायला लाजल्या. मी ओळखलं, आत घेतलं. सासूबाईंना हात धरून न्हाणीघरात नेलं, पोरांना कोरडे टॉवेल दिले, चहा केला. त्यांनी रिसॉर्टचे पैसे आगाऊ भरले होते, त्यामुळे परतही फिरता येईना. धबधबा त्यांनी पाहिलाच नाही. त्या बाईंचा यात काय दोष? त्यांनी पैसे मोजले आणि रस्त्यावर बसून दिवस काढला.

माझा भाचा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला नोकरीला असतो. बेळगावात वाढलेला पोरगा, आता हिवाळ्यात स्कीइंगला जातो. त्याला मी इथला रांगेचा व्हिडिओ पाठवला तर म्हणाला, "मावशी, आमच्याकडे सेम असतंय बघ, फक्त पावसाच्या जागी बर्फ." त्यानंतर मी त्याच्याकडून समजून घेतलं, स्वतःही वाचलं, आणि वाचत गेले तसतशी मला आमचीच गोष्ट दिसायला लागली.

त्या शहराला लागून लिटल कॉटनवुड कॅन्यन म्हणून एक अरुंद दरी आहे. वर स्नोबर्ड आणि आल्टा ही दोन स्की रिसॉर्ट्स, आणि जायला एकच रस्ता. त्या रस्त्यावर हिमकडे कोसळून येण्याच्या ६४ वाटा आहेत. रात्री भरपूर बर्फ पडला की पहाटे रस्ता बंद ठेवतात, स्फोटकं वापरून साठलेला बर्फ आधीच पाडून घेतात आणि मग गाड्या सोडतात. पण स्कीइंग करणाऱ्याला हवा असतो तो नेमका त्या रात्रीचा ताजा, भुसभुशीत बर्फ! म्हणजे ज्या सकाळी रस्ता सगळ्यात धोक्याचा, त्याच सकाळी सगळं शहर त्या रस्त्यावर. दरीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना आपल्याच फाटकातून गाडी बाहेर काढता येत नाही. त्या रांगेला तिथले लोक 'लाल साप' म्हणतात, ब्रेकच्या दिव्यांमुळे.

आमच्याकडे वेगळं काय आहे? धबधबा ज्या दिवशी सगळ्यात देखणा, त्या दिवशी घाट सगळ्यात नाजूक. हवामान खात्याचा इशारा आला की शाळेला सुट्टी मिळते, आणि त्याच इशाऱ्याचा फोटो टाकून रीलवाले सांगतात, 'आज वज्रपोहा धबधबा बघायला जायलाच पाहिजे'. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात गोव्याच्या हद्दीत रस्ता खचला, अवजड गाड्या बंद झाल्या आणि सगळा भार चोर्ल्यावर आला. बेळगावहून गोव्याला जायला आम्हाला हेच दोन जवळचे रस्ते. गोव्याची भाजी याच वाटेने जाते. भाजीचा टेम्पो मक्याची कणसं खाणाऱ्यांच्या गाड्यांमागे उभा राहिला तर कोथिंबीर थांबून राहत नाही.

आता तिकडच्या धंद्याची बाजू. स्की रिसॉर्ट्स चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली ५७९ डॉलरला हंगामभराचा पास काढला, एपिक पास. २०१८ मध्ये आल्टेरा कंपनीचा आयकॉन पास आला. पास हंगामाच्या आधी विकायचा, म्हणजे बर्फ पडो न पडो, पैसा गल्ल्यात. दुसरीकडे एका दिवसाचं तिकीट महाग करत न्यायचं, आता मोठ्या रिसॉर्टला ते ३०० डॉलरच्या वर गेलंय, म्हणजे माणूस मुकाट पासच घेतो. २०२१ मध्ये व्हेलने पासची किंमत २० टक्क्यांनी उतरवली आणि त्या हंगामाला २१ लाख पास गेले. डोंगर मात्र होता तेवढाच, रस्ताही तेवढाच. पाचशे पत्रिका वाटायच्या आणि पंगत शंभराची मांडायची, असा हा प्रकार. यजमानाचा आहेर आधीच जमा झालेला असतो, उपाशी उठतो तो पाहुणा.

याच्या पुढचं मला जास्त लागलं. २०२४ च्या नाताळात पार्क सिटी या व्हेलच्याच रिसॉर्टमधल्या स्की पेट्रोलने, म्हणजे गस्तीपथकाने, संप केला. डोंगर सुरक्षित ठेवणारी, पडलेल्याला उचलून आणणारी ही माणसं. मागणी काय, तर तासाला २१ ऐवजी २३ डॉलर. संप १३ दिवस चालला. ऐन सुट्टीत बरेचसे उतार बंद, आणि हजारो खर्चून आलेले लोक लिफ्टच्या रांगेत तासन्‌तास उभे. गावात घरभाडं परवडत नाही म्हणून राबणारा नाराज, आणि पैसे भरूनही खेळायला मिळत नाही म्हणून पाहुणा नाराज. दोघांचं दुखणं एकाच ठिकाणाहून निघालेलं.

आमच्या भागात हे सुरू झालंय, डोळे उघडे ठेवले तर दिसतंय. जांबोटीपुढे रस्त्याकडेच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर जातायत. रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी बाहेरचा, मॅनेजर बाहेरचा, गावच्या पोराला मिळाली तर गेटवरची नोकरी. कणसं आणि चहा विकून चार पैसे मिळतात हे खरं आहे, आणि त्या पैशाला मी हलकं म्हणणार नाही. त्यावर वह्या-पुस्तकं येतात. पण त्या चार पैशांसमोर गाव काय देतंय तेही मांडायला हवं.

आमच्या शेजारच्या काकूंचं सांगते. आषाढात नट्टी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती, गुडघाभर चिखल. ओढ्याकाठच्या खाचरात त्यांच्या टाचेत हिरव्या बाटलीची काच शिरली. आदल्या दिवशी बांधावर कुणीतरी बसून गेलं होतं. मी दिव्याखाली सुईने काढायला बघितलं, तुकडा खोल होता, निघेना. दिवस रविवारचा, वडाप मिळेना, बस कुठे अडकली होती देव जाणे. शेवटी पुतण्याने त्यांना मोटारसायकलवर घेतलं आणि गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेने, मातीतून, दवाखान्यापर्यंत नेलं. टाके पडले. ऐन नट्टीत त्या घरात बसून, आणि त्यांच्या जागी रोजाने बाई लावावी लागली. काकू मला म्हणाल्या, "बाटल्या फोडायला आमचाच बांध गावतोय बघ की ह्यांना." गोव्याकडून स्वस्तातली दारू येते, इकडे रिकामी होते, आणि काच आमच्या भातात राहते.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं आहे. एक तर बंदी, नाहीतर रस्ता रुंद करा. बंदीचं काय होतं ते २०२३ च्या जुलैत दूधसागरला सगळ्या देशाने पाहिलं. रुळांवरून चालत निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी ओळीने उठाबशा काढायला लावल्या. रुळांवरून जाऊ नये हे बरोबरच आहे. पण महिनाभर धबधब्याचे व्हिडिओ दाखवून ज्यांनी बोलावलं ते मोकळे, आणि आलेली पोरं कान धरून उभी, हा न्याय मला पटत नाही. आणि रुंदीकरण म्हणाल तर हे सह्याद्रीचं जंगल आहे, भीमगड अभयारण्य शेजारी आहे, म्हादई-मलप्रभा इथल्याच डोंगरात उगम पावतात. झाडं तोडून दोनाचे चार पदर केले तर दुप्पट गाड्या येतील आणि त्याही अडकतील. सॉल्ट लेक ज्या राज्यात आहे त्या युटाच्या सरकारने त्या दरीसाठी आठ मैलांचा रोपवे करायचं २०२३ मध्ये ठरवलं, त्यावर लोक कोर्टात गेले. त्यांचा सवाल सरळ आहे : दोन खासगी रिसॉर्ट्सच्या दारापर्यंत गिऱ्हाईक पोचवायला जनतेचा पैसा का?

उपाय नाहीत असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला पेट्रोलची गाडी गावात सोडतच नाहीत. पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात गाडी लावायची आणि रेल्वेने वर जायचं. एवढं लांब कशाला, आपलं माथेरान आहे. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून लोक पिढ्यान्‌पिढ्या हौसेने चालत जातायत, कुणाची गंमत कमी झाली नाही. युटामध्येच एका रिसॉर्टने २०१९ पासून पार्किंगला पैसे लावले, गाडीत चौघं असतील तर स्वस्त, एकटा-दुकटा आला तर महाग. आल्टाने सुट्टीच्या दिवसांत आधी नोंदणी करूनच गाडी लावायची पद्धत आणली. नीलगिरी आणि कोडाईकनालला मे २०२४ पासून गाड्यांना ई-पास आहे, तोही हायकोर्टाच्या आदेशाने. मग चोर्ल्यालाच अवघड काय आहे?

जांबोटीला गाड्या थांबवा, पुढे बस सोडा. बायकांना कर्नाटकात २०२३ पासून बस फुकटच आहे, अर्ध्या सहली गाडीशिवाय होतील. पण बस सोडायची तर ड्रायव्हर पाहिजेत, हे आधी बघा. सॉल्ट लेकला २०२२ च्या हिवाळ्यात ड्रायव्हर नाहीत म्हणून स्कीच्या बसफेऱ्या कमी कराव्या लागल्या होत्या, मग लोक पुन्हा गाड्या घेऊन निघाले. फेऱ्यांचा खर्च रिसॉर्टवाल्यांनी वाटून घ्यावा. खोल्या किती, गाड्या किती येणार, त्या ठेवायला स्वतःची जागा किती, हे दाखवल्याशिवाय नवीन परवाना देऊ नये. आणि गावच्या गाडीला, दुधाच्या आणि भाजीच्या टेम्पोला, १०८ ला रविवारीही वाट मोकळी हवी.

अडचण हद्दीची आहे. चोर्ल्याला तीन राज्यं भेटतात, आणि गर्दी झाली की तिन्हीकडचे पोलीस पुढच्या राज्याकडे बोट दाखवतात. आंबोलीचं तेच. तिथे रांग लागते ती बेळगाव, गोवा, कोल्हापूरच्या गाड्यांची, आणि सोसतात सावंतवाडी तालुक्यातली माणसं. भाषेवरून, नद्यांवरून तिन्ही सरकारं वर्षानुवर्षं कोर्टात उभी राहिली. एका घाटातल्या रविवारच्या गाड्यांसाठी तीन जिल्हाधिकाऱ्यांना एका टेबलावर बसता येत नसेल तर नवल आहे.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी मांडणार आहे. पार्किंगची जागा, बसफेऱ्या आणि परवान्याची अट, तिन्ही अर्जात आहेत. कणकुंबी, पारवाड भागातल्या पंचायतींनीही तसाच अर्ज द्यावा, नमुना पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवते. ज्यांची इथे हॉटेलं, होमस्टे आहेत त्यांनीही सभेला यावं. तुमचं गिऱ्हाईक आमच्या दारात अडकतं, तेव्हा तुमचंही म्हणणं ऐकायचं आहे.