खण बादलीत बुडवायचा नसतो

गेल्या महिन्यात काकांनी फोटो पाठवला. देव्हाऱ्याखालचा खण प्लॅस्टिकच्या बादलीत उभा, मागचे दोन्ही कोपरे पाण्याखाली. खाली लिहिलेलं: "उद्या बघ कसा घट्ट बसतो." निवृत्तीनंतर हौसेनं सुतारकाम शिकतायत. सागाच्या फळ्यांना पहिल्यांदाच हातानं डोव्हटेल कापले (एका फळीच्या टोकाला टोकाकडे रुंद होणाऱ्या शेपट्या, दुसरीला त्या अडकतील अशा खाचा, खाचांमधलं लाकूड म्हणजे पिना), ते जरा सैल निघाले, आणि नेमका तेव्हाच तो फिरता मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला. डोव्हटेलची पाच गुपितं म्हणे. जुन्या कारागिरांनी ना खिळा वापरला ना गोंद. शेपटीच्या कडेचा उतार १:८ च हवा, नाहीतर सांधा तुटतो. ओढून चालणारी जपानी करवतच घ्या. करवतीला गाईड लावून कापणं म्हणजे फसवणूक. आणि सैल सांधा रात्रभर पाण्यात ठेवा, लाकूड फुगून कायमचा आवळतो.

शेवटच्यापासूनच धरतो, कारण खण त्यानंच गेला.

कुदळीचा दांडा हलायला लागला की तो पाण्यात ठेवतात हे खरं आहे, आमच्या गावीही ठेवायचे. पण तिथे दांडा फुगतो आणि लोखंडाचा नेढा आहे तेवढाच राहतो, म्हणून तो आवळतो. डोव्हटेलमध्ये शेपटीही लाकडाची आणि ती ज्या खाचेत बसते ती खाचही लाकडाचीच. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसनला प्रयोगशाळा आहे, तिचं 'वुड हँडबुक' कुणालाही फुकट वाचता येतं. त्यात सागाचे आकडे आहेत: ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत ५.८ टक्क्यांपर्यंत आकसतं, वाढीची वलयं फळीत उभी येतील अशी चिरलेली असेल तर २.५. लांबीत मात्र लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के हलतं. म्हणजे दोन्ही फळ्या सारख्याच भिजल्या तर शेपटी जितकी फुगेल त्याच प्रमाणात खाचही रुंदावेल. फट जिथल्या तिथे.

मग दुसऱ्या दिवशी काकांचा खण घट्ट कसा लागला? पाणी फळीच्या टोकाकडून भराभर आत शिरतं आणि मागचं लाकूड कोरडंच राहतं. टोकं फुगतात, त्यांना पसरायला जागा नसते, तंतू एकमेकांवर दाबून चेंगरतात. वाळल्यावर ते चेंगरलेलं लाकूड पहिल्याहूनही बारीक होतं. आठ दिवसांनी खणाचा मागचा तुकडा बोटानं ढकलला तर निघून हातात आला. एका शेपटीला मुळाशी केसाएवढी चीर. कडेची अर्धी पिन तर गेलीच.

गोंदाचं गुपित निकालात काढायला दोन ओळी पुरतात. फेव्हिकॉलच्या आधी सुतार काय वापरत होते? सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद. इजिप्तमध्ये रेख्मिरे या वजिराच्या थडग्यात सुतारांची चित्रं आहेत, त्यात सरसाचं भांडं विस्तवावर ठेवलेलं दिसतं. झाली त्याला सुमारे ३,४०० वर्षं.

उताराचंही तसंच. १:८ म्हणजे साधारण ७ अंश, १:६ म्हणजे साडेनऊ. कठीण लाकडाला पहिला, मऊ लाकडाला दुसरा, असा रिवाज आहे, आणि तो वाईट नाही. पण अडीच अंशांनी खण तुटत नाही. जपानी करवत ज्याला आवडते त्यानं घ्यावी, पुढे ढकलायची करवत हातात बसलेली असेल तर तीही चालते.

राहिला गाईड. चुंबक बसवलेला ठोकळा, त्याला करवतीचं पातं चिकटतं आणि उतार हलत नाही. एवढंच त्याचं काम. रेघ कुठे मारायची, करवत रेघेच्या कुठल्या बाजूला चालवून रेघ राखायची, शेपट्यांवरून पिनांच्या खुणा सुरीनं कशा उतरवायच्या, पटाशीनं दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत कसं यायचं, हे ठोकळा सांगत नाही. काकांचा सांधा सैल झाला तो इथेच: रेघ राखायच्या ऐवजी खाऊन टाकली. गुण्या लावून रेघ मारणं फसवणूक नाही, मग हे कसं? एक मात्र नाइलाजानं मान्य करतो. आयुष्यभर ठोकळ्यावरच कापलं तर ज्या उताराचा ठोकळा नाही तिथे हात अडतो. आणि करवतीचे दात फार फाकवलेले असतील तर ती ठोकळाच कुरतडते, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

काका, सैल सांध्यावर उपाय आहे. त्याच सागाची पातळ चीप काढा, तिच्या लाकडाच्या रेषा शेपटीच्या लाकडाच्या रेषांना समांतर ठेवा, गोंद लावून फटीत सरकवा, वाळली की पटाशीनं सपाट करा. चीर गेलेल्या शेपटीत आधी गोंद भरून क्लॅम्प लावा. पण खण आधी महिनाभर सावलीत वाळू द्या. बादली आंघोळीला परत गेली असेल अशी आशा आहे.