गाजराचं पटत नाही काका, पण उकाड्याचं तुमचं बरोबर आहे

काका, मी टाकलेल्या आमच्या पिंजऱ्यातल्या सशाच्या फोटोखाली तुमची कमेंट सकाळी वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. "सशाला गाजर नाही, आंघोळ नाही, म्हशीसारखं सुकं गवत घालायचं आणि वर कोकणातल्या उकाड्यात कोंडायचं, आमच्या आजोळी ससे भात-पोळी खाऊन मजेत राहायचे" असं तुम्ही लिहिलंय. दुपारी जेवून परत वाचली, तेव्हा एका मुद्द्यावर गप्प बसायला झालं. पण आधी गवत.

सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, पुढचेच नाही तर दाढासुद्धा, आणि ते झिजतात मुख्यतः गवत तासन्‌तास चावून. भात-पोळी मऊ, तिने काही झिजत नाही, मग दाढेला टोकं येतात आणि जीभ, गाल आतून सोलवटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, ससा वाटीपाशी येतो, वास घेतो, तोंड लावतो आणि परत जाऊन बसतो, आपल्याला वाटतं आज मूड नाही. आणि सशाचं खाणं थांबलं की आतडंच थंडावतं. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. म्हणून मी उठल्यावर चहाच्या आधी लेंड्या बघतो, बायको हसते, हसू दे.

गवत विकतचं नाही हं. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात बांधावरची हरळी कापून खळ्यात वाळवतो आणि पत्र्याच्या डब्यात भरतो, कारण आमच्या मालवणात हवाच अशी की उघडं ठेवलं तर बुरशी धरते. कुबट वास आला की सरळ माडाच्या आळ्यात. पेंढा फक्त बसायला, त्यात सत्त्व नाही. गाजर देतो की, आठवड्यातून दोनदा अंगठ्याच्या पेराएवढं, त्यात साखर असते आणि ती सशाच्या पोटाला झेपत नाही. तसंही आमच्या बाजारात गाजर येतं घाटावरून, इथल्या सशांनी ते कधी खाल्लं असतं देव जाणे!

आंघोळीचं म्हणाल तर तो मांजरासारखा स्वतःला चाटून साफ ठेवतो, पाण्यात घातला तर घाबरून इतक्या जोरात लाथा झाडतो की पाठीचा कणासुद्धा मोडू शकतो.

आता उकाडा. इथे तुम्ही बरोबर आणि मी चुकलो होतो. पहिल्या वर्षी पिंजरा मागच्या पडवीत होता, वर पत्रा. मे महिना, पारा ३३-३४ च, मला वाटलं विदर्भात ४५ असतं, हे काहीच नाही. दुपारी दोनला बघतो तर हा आडवा पसरलेला, तोंड उघडं, नाक ओलं आणि कान हातात घेतले तर तापलेल्या तव्यासारखे, आतल्या शिरा फुगून लाल दिसत होत्या. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो, आणि धापा टाकून गार व्हायचं म्हटलं तर आपल्या दमट हवेत तेही नीट जमत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. नळाच्या साध्या पाण्याचं फडकं कानांवर फिरवत बसलो, बर्फ नाही लावला, आणि तसाच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला. वाचला. पण तो दिवस आठवला की अजून पोटात कसंतरी होतं.

तेव्हापासून पिंजरा माजघरात. खाली चिऱ्याची फरशी, खिडकीला ओलं गोणपाट, आणि फ्रीझरमधली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो, हा तिला पाठ टेकून झोपतो. लाईट गेली की बाटल्या बदलायची ड्युटी मुलीची. दार दिवसभर उघडंच असतं, कोंडलेला तो फक्त त्या फोटोत दिसतो, आणि तो फोटो मीच टाकला, त्याचं काय करणार!

एक विचारायचं राहिलं. आजोळचे ते ससे किती वर्षं जगले, आठवतंय का? नीट ठेवला तर ससा ८-१० वर्षं काढतो, म्हणून विचारतोय.