‘सोरायसिसला खाज नसते’ म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. सार असं: सोरायसिसला, म्हणजे अंगावर खपल्यांचे लाल चट्टे उठवणाऱ्या त्वचारोगाला, खाज येत नाही, खाज आली तर तो नायटा समजा आणि नायट्याचं मलम लावा. तरीही खाजलं तर ते मनाचे खेळ. चट्टे गेले की सगळं जाईल, आणि खाजेने कोणी मरत नाही. गेली बारा वर्षं हा आजार अंगावर वागवतोय, म्हणून उत्तर देतो.

पहिलंच वाक्य चूक. या आजाराचं नावच ग्रीक भाषेतल्या खाजेच्या शब्दावरून आलंय. इसबाइतकी खाज सोरायसिसला नसते, असं जुन्या पुस्तकांत असायचं; मेसेजवाल्याने बहुधा तेच उचललं. आता पाहण्या सांगतात की निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्णांना खाज असते, आणि अनेकांचा सगळ्यात मोठा त्रास तोच असतो.

नायट्याच्या मलमाचा सल्ला तर घातक आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या अशा कितीतरी मलमांत बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, म्हणून माणूस लावत राहतो. कातडी पातळ होते, आणि मलम एकदम थांबवलं की चट्टे दुप्पट जोमाने उठू शकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

‘मनाचे खेळ’ यात अर्धं सत्य आहे. ताणाने खाज वाढते, हे खरंच. पण तिची सुरुवात कातडीतच होते. दाह चालू असतो, मज्जातंतूंना चेतवणारी द्रव्यं चट्ट्यात वाढलेली असतात. ॲलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा वाटा त्यात थोडाच, म्हणून ॲलर्जीची गोळी फारशी चालत नाही. जुन्या गोळ्यांनी झोप येते, एवढंच. दाह आवरला तर खाज आवरते: त्वचा ओलसर ठेवणं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम, अतिनील किरणांचे उपचार, गरज पडली तर दाह आतून आवरणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं.

आणि खाजवल्याने काय होतं? ‘खाजवून खरूज काढणं’ आपण भांडणाबद्दल बोलतो, सोरायसिसमध्ये ते शब्दशः घडतं. नखाने ओरखडा पडला की दहा-पंधरा दिवसांत तिथे नवा चट्टा उठू शकतो. याला केब्नरचं लक्षण म्हणतात. (दिवाळीत कढत पाणी आणि खसाखसा उटणं मी म्हणूनच सोडलं. आई अजून रुसते.)

चट्टे किती, त्यावर खाज ठरत नाही. टाळूवर रुपयाएवढा एकच चट्टा असेल, तरी रात्री दोन वाजता उठवून बसवतो. डॉक्टर वापरतात तो ‘पासी’ नावाचा गुणांक लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती मोजतो. खाज त्यात कुठेच नाही. कागदावर मी ‘सौम्य’ होतो तेव्हा ऑफिसात दुपारी डुलक्या घेत होतो.

खाजेने कोणी मरत नाही, मान्य. पण झोप जाते. काळा शर्ट कपाटातच राहतो, लोकलमध्ये शेजारचा सरकून बसतो; हा आजार संसर्गाने पसरत नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि मराठीत ‘खाज’ या शब्दाला जो दुसरा वास आहे, त्यामुळे डॉक्टरांसमोरही जीभ अडखळते. ‘जरा चुळचुळ होते’ म्हणून आपण उठतो.

१९९४ मध्ये कार्डिफच्या दोघा संशोधकांनी दहा प्रश्नांची एक यादी केली, त्वचारोगाने गेल्या आठवड्यातलं जगणं किती बिघडलं ते मोजायला. तिचा पहिलाच प्रश्न खाजेचा आहे. कपडे, काम, मित्र असं करत नववा येतो शरीरसंबंधांवर. माझ्या हातात तो कागद आला, तेव्हा बाजूला सासरे बसले होते. नववा मी कोरा ठेवला.