पद्मिनीचा क्रँक बॅलन्स करूनही आयडलला थरथर: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की पद्मिनीचा क्रँक (पिस्टनच्या वरखाली जाण्याने गोल फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) आमच्याकडे बॅलन्स करूनही आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी तशीच थरथरते म्हणजे पैसे पाण्यात गेले, वर आम्ही क्रँकला भोकं पाडून ठेवली, आणि पिस्टन व ते क्रँकला जोडणारे रॉड न मागताच काम केलं म्हणजे क्रँक मशीनवर चढवलाच नसणार. जुन्या गाड्या ठेवणारे बाकीचे लोकही हे वाचणार म्हणून इथेच सविस्तर सांगतो, जरा लांबेल.

पिस्टनचं आधी. तुमच्या इंजिनात चार सिलेंडर एका ओळीत आहेत, क्रँकला १ आणि ४ च्या पिन (रॉड जिथे बसतो ती जागा) एका बाजूला आणि २-३ च्या बरोबर विरुद्ध बाजूला, त्यामुळे पिस्टन-रॉडची वजनं सारखी असली की ती आपोआप एकमेकांना तोलतात आणि क्रँक मशीनवर नुसताच फिरवतात. पिनला वजनं बांधून फिरवायचं ते व्ही-८ सारख्या इंजिनांना, तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी बहुतेक तसलं काम बघितलं असेल. चारही पिस्टन आणि चारही रॉड सारख्या वजनाचे हवेत हे मात्र शंभर टक्के खरं, आणि रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची कारण खालचं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं आणि वरचं पिस्टनबरोबर वरखाली जातं, पण ते वजनकाट्यावरचं काम आहे आणि ते पार्ट आमच्याकडे आलेच नव्हते.

भोकांचं म्हणाल तर जड बाजूचा धातू कमी केल्याशिवाय बॅलन्स होणार कसा? तो ड्रिलनेच काढतात. कंपनीतून आलेले बहुतेक क्रँक बघा, त्यांनाही अशी भोकं असतात. बेअरिंग जिथे बसतं त्या जर्नलला आम्ही हात लावलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, आयडलची थरथर. क्रँक किंवा फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाला बसणारं जड चाक) एका बाजूला १० ग्रॅम वजन जास्त आहे आणि ते मध्यापासून १० सेंटीमीटरवर आहे असं धरा, तर ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) ते साधारण १० किलोच्या जोराने ओढतं, ४५०० ला २२ किलो, पण ८०० च्या आयडलला जेमतेम पाऊण किलो, कारण हा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. मग पाऊण किलोने स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा आणि डॅशबोर्ड हलेल का तुम्हीच सांगा. आयडलला जे हलतं ते बहुतेक वेळा एखादा सिलेंडर कमी मारतोय म्हणून, ८०० आरपीएमला एक सिलेंडर सेकंदाला ६-७ वेळाच पेटतो आणि तो कमजोर असला की तेवढ्या वेळा झटका बसतो जो सीटवर स्पष्ट जाणवतो, नाहीतर इंजिन माउंटिंगचं रबर दगडासारखं कडक झालंय, नाहीतर सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकतोय. मेकॅनिककडून एकेक प्लगची वायर काढून बघा, ज्याची काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही तो सिलेंडर धरा, मग कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंट, कार्ब्युरेटर या क्रमाने तपासा.

आणि थोडी थरथर राहणारच, ती कुठलंही बॅलन्सिंग मशीन काढू शकत नाही. पिस्टन वरच्या टोकाजवळ जितक्या जोरात वेग बदलतो तितका खालच्या टोकाजवळ बदलत नाही, रॉडच्या तिरकेपणामुळे, म्हणून दोन वर दोन खाली असूनही हिशोब पूर्ण जुळत नाही आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा वरखाली धक्का उरतो. मित्सुबिशीने १९७५ मध्ये यासाठीच इंजिनात क्रँकच्या दुप्पट स्पीडने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट घातले आणि पोर्शेने ९४४ साठी तेच तंत्र त्यांच्याकडून लायसन्सवर घेतलं. तुमच्या पद्मिनीच्या, कुर्ल्यात बनलेल्या १०८९ सीसीच्या इंजिनात ते नाहीत, शिवाय क्रँक तीनच मेन बेअरिंगवर (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी बेअरिंग) आहे म्हणजे १ आणि २ च्या मध्ये आधार नाही, त्यामुळे जास्त आरपीएमला तो किंचित वाकतो, म्हणून कितीही छान बांधलं तरी हे इंजिन सतत ताणू नका. नव्या हॅचबॅकशी तुलना केलीत तर या इंजिनावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. क्रँकच्या पुढच्या टोकाला डॅम्पर पुली (पिळाची थरथर शोषणारी पुली) लावायचा सल्ला कुणी दिला तर तो खर्चही करू नका, पीळ बसून थरथरण्याचा त्रास लांब क्रँकला, जुन्या जॅग्वारच्या सहा सिलेंडरला डॅम्पर त्यासाठी असतो, तुमचा क्रँक आखूड आहे.

फ्लायव्हील आणि त्यावर बसणारी क्लचची प्रेशर प्लेट पण आणा असं क्रँक घेतानाच आम्ही म्हणालो होतो, बिलावर "फक्त क्रँक" लिहिलंय ते बघा. वजन जास्त, व्यास मोठा, त्यात फेस मारलेलं (मशीनवर घासून सपाट केलेलं) फ्लायव्हील आणि नवीन प्रेशर प्लेट, म्हणजे क्रँकपेक्षा जास्त फरक तिथेच निघू शकतो. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस करा, २५०० च्या पुढे गुरगुर वाढत गेली तर फ्लायव्हीलवर संशय घ्या. आणि थरथर फक्त चालत्या गाडीत येत असेल, क्लच दाबून इंजिन आयडलला आणलं तरी तशीच राहत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) किंवा चाकं बघा, इंजिन उघडूच नका.

आमच्याकडून इतकं, की इंजिन कधीही उघडलं तर क्रँक घेऊन या, तुमच्यासमोर मशीनवर लावतो, बॅलन्सिंगच्या स्लिपवरच्या रीडिंगपेक्षा वेगळं निघालं तर बॅलन्सिंगचे सगळे पैसे परत. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं काम मात्र नेहमीच्या रेटने होईल. आणताना एक करा, खोलायच्या आधी क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तिन्हीवर पंचने खूण मारून घ्या, नाहीतर परत बसवताना एक बोल्ट पुढे सरकून बसलं की केलेला बॅलन्स गेला.