कुत्र्याला झबलं, पोरीला झालर : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ माझ्याकडे तीन ग्रुपांतून आला. टोकियोच्या रस्त्यावरच्या मुली : कुणी बाहुलीसारखा झालरींचा फ्रॉक घातलेली, कुणी चेहरा गडद तपकिरी करून डोळ्यांभोवती पांढरा रंग फासलेली. शेवटी बाबागाडीत किमोनो घालून बसलेला पूडल जातीचा कुत्रा. खाली मजकूर : ‘हा आजचा जपान. तरुण पोरं कामधंदा सोडून कार्टून बनून फिरतात. पोरींचं नुसतं अंगप्रदर्शन. मुलं नकोत म्हणून कुत्र्यांना झबली घालतात, म्हणून देश संपत चालला. मुक्या जिवांचे हाल ते वेगळेच.’

मी कपडे शिवते आणि माझ्या घरी कुत्री आहे. मला हे दोन्हीकडून लागलं, म्हणून एकेक वाक्य घेते.

‘आजचा जपान’ इथेच पहिली चूक. तपकिरी चेहऱ्याच्या त्या फॅशनचं नाव गांगुरो. तिचा भर २००० सालाच्या आसपास, टोकियोच्या शिबुया भागात होता. गोऱ्या रंगाचं कौतुक असलेल्या समाजात त्या मुलींनी मुद्दाम कातडी रापवली आणि केस पिवळे केले. म्हणजे ते चित्र जवळजवळ पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे.

आणि सगळा जपान असा फिरतो म्हणाल, तर तिथलं दुखणं नेमकं उलटं आहे. टोकियोच्या हाराजुकू भागातला ओमोतेसांदो हा रस्ता १९७७ पासून रविवारी वाहनांना बंद असायचा. पोरं घरी शिवलेले, जुन्या बाजारातून आणलेले कपडे एकावर एक चढवून तिथे यायची, एकमेकांचं बघायची, शिकायची. १९९८ मध्ये ही पद्धत थांबली आणि पोरांची हक्काची जागा गेली. शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ नावाचं मासिक काढलं होतं. रस्त्यावरच्या पोरांचे उभे फोटो आणि खाली कुठला कपडा कुठून आणला, कुठला स्वतः केला, याची नोंद. शिवणाऱ्या माणसाला तो खजिनाच. २०१७ मध्ये आओकीने छापील अंक थांबवले आणि कारण सांगितलं, की फोटो काढावा अशी पोरं आता दिसत नाहीत. नोकरीच्या मुलाखतींच्या मोसमात टोकियोत गर्दी दिसते ती एकसारख्या काळ्या सुटांची.

‘कार्टून बनून’ हेही खरं नाही. एखाद्या पात्राचं रूप घेणं म्हणजे कॉस्प्ले. व्हिडिओतल्या झालरवाल्या मुली लोलिता पोशाखात आहेत, आणि त्यात कुठलंही पात्र नसतं. युरोपातल्या रोकोको (अठरावं शतक) आणि व्हिक्टोरियन (एकोणिसावं शतक) काळातल्या कपड्यांवरून जपानी शिवणाऱ्यांनी नव्याने बसवलेला तो पेहराव आहे. गुडघ्यापर्यंत घंटेसारखा घेर, तो उभा राहावा म्हणून आत कडक जाळीचा परकर, गळ्यापर्यंत ब्लाउज, लांब मोजे, डोक्यावर लेस. एका झालरीला घेराच्या दुप्पट कापड सहज लागतं, आणि शिवणीवर लेसची नक्षी जुळली नाही तर सगळं उसवून पुन्हा घालावं लागतं. हा कपडा मन लावून केल्याशिवाय होत नाही.

अंगप्रदर्शनाचं काय? या झालरवाल्या मुलींवर व्हिडिओ थांबवून बघा, चेहरा आणि हात सोडून काय दिसतं? गैरसमज ‘लोलिता’ या नावामुळे होतो. ते नाव एका गाजलेल्या कादंबरीतल्या, मोठ्या माणसाच्या वासनेला बळी पडलेल्या मुलीचं आहे, पण पोशाखाचा कल बरोबर उलटा आहे.

कामधंद्याबद्दल एकच नाव पुरे. मिसाको आओकी ही लोलिता पोशाखातली सगळ्यात परिचित मॉडेल. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००९ मध्ये तिला देशाची ‘कावाई’ (म्हणजे गोंडस) फॅशनची दूत नेमलं. ती पेशाने नर्स आहे.

आता कुत्री. जपानच्या पेट फूड संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००८ मध्ये तिथे पाळीव कुत्री सुमारे १ कोटी ३१ लाख होती, २०२३ मध्ये ती ६८ लाखांवर आली. त्याच काळात वर्षाला होणारे जन्म सुमारे १० लाख ९१ हजारांवरून ७ लाख २७ हजारांवर आले. कुत्री मुलांची जागा घेत असती तर मुलं घटताना कुत्री वाढली असती. इथे दोन्ही घटली. कुत्री-मांजरं मिळून १५ वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त भरतात, हे खरं आहे. पण त्यावरून मुलं कमी आहेत एवढंच कळतं, का कमी आहेत ते कळत नाही. लोकसंख्या टिकेल इतका जन्मदर जपानने १९७० च्या दशकाच्या मध्यातच गमावला. उशिरा होणारी लग्नं, ऑफिसातले लांबलचक तास, शिक्षणाचा खर्च ही कारणं सोडून पूडलवर बोट ठेवणं म्हणजे तिथल्या बायकांवर अन्याय आहे.

किमोनोचं म्हणाल, तर तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नोव्हेंबरात नटवून देवळात नेतात, तो शिचि-गो-सान हा सण. टोकियोतल्या इचिगाया कामेगाओका हाचिमान देवळात पाळीव प्राण्यांसाठीही तशी प्रार्थना होते.

‘आपल्याकडे असलं नाही’ असंही कुणी खाली लिहिलं होतं. पोळ्याला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ हे कुणाला नवीन आहे? पण त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. आधी अंग, मग झूल. किमोनोतल्या पूडलकडेही मी याच नजरेने बघते.

म्हणून ‘हाल’ हा एक मुद्दा मी पूर्ण खोडत नाही. आखूड केसांच्या चिवावा या चिमुकल्या कुत्र्याला टोकियोच्या जानेवारीत स्वेटर लागतो. शिबा या जपानी कुत्र्याला दुहेरी केसांचा कोट असतो, त्याच्यावर जाड कपडा चढवला की अंगातली उष्णता कोंडते. मांजर दिवसाचा मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं, त्याला बहुतेक कपडे नकोच असतात. कान मागे पाडले, अंग चोरलं किंवा कपडा चढताच जनावर पुतळ्यासारखं थिजलं, की कपडा काढायचा. फोटोत ते ‘शहाणं’ दिसतं, पण ते घाबरलेलं असतं.

माझ्या कुत्रीचं ऑपरेशन झालं तेव्हा गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरने ती दारांना धडकत होती. मी मुलाच्या जुन्या टी-शर्टला पुढच्या पायांसाठी मोठ्या मुंढ्या कापल्या, काखेत दोन बोटं जातील एवढ्या सैल, आणि पोटाशी नाड्या लावल्या. दहा दिवस ती त्यात निवांत झोपली. टाके काढून आलो त्या संध्याकाळी तिने स्वतःच तो दातांनी ओढायला घेतला. मी नाड्या सोडल्या, आणि पुन्हा कधी तो तिच्या अंगावर चढवला नाही.