'जबडा वाजतो तरी डॉक्टरांनी काहीच केलं नाही' या रिव्ह्यूला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार ताई,

तोंड उघडताना कानाजवळ कट् कट् वाजतं, ठणका लागतो, आणि राजारामपुरीत आमच्याकडं आल्यावर फी घेऊन नुसतं 'मऊ खा, शेक द्या' सांगितलं, दात घासून लेव्हल करून द्यायला नकार दिला, असं तुम्ही लिहिलंय. डेंटिस्टना जबड्याच्या सांध्यातलं काही कळत नाही, असंही. तुमच्या तपासणीच्या नोंदी खासगी आहेत, त्या इथं लिहिणार नाही. पण असं दुखणं आम्ही कसं हाताळतो ते सांगतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. बीडीएसला, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीला, सगळा भर दात, हिरड्या आणि कवळीवर असतो, सांध्याच्या वाट्याला फार थोडं येतं. त्यापुढच्या एमडीएस पदवीतही चेहरा-जबड्याच्या दुखण्याची वेगळी शाखा नाही. अमेरिकेतसुद्धा तिला दंतवैद्यकातली स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती 2020 मध्ये. यात हाल पेशंटचे होतात. कान दुखतो म्हणून आधी कानाचे डॉक्टर, मग कुणीतरी चांगली दाढ काढतं आणि दुखणं आहे तिथंच राहतं. असे पेशंट बघून फार वाईट वाटतं.

म्हणूनच दात घासून लेव्हल करायला मी नाही म्हणतो. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, परत येत नाही. दातांची ठेवण चुकली की सांधा दुखतो, असं पूर्वी मानायचे. पुढच्या संशोधनात ते टिकलं नाही. बहुतेकांचं दुखणं चावण्याच्या स्नायूंत असतं आणि साध्या उपायांनी उतरतं. ऊस दातानं सोलायचा नाही, मटणाची नळी फोडायची नाही, मोठी जांभई आवरायची, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर उपचारच लागत नाहीत. सांध्याच्या आतली कूर्चेची चकती सरकून परत जागेवर येते, त्याचा तो आवाज. रात्री दात खाणाऱ्यांना किंवा एवढ्यानं न उतरणाऱ्यांना स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचा साचा, देतो. तो काढता येतो, दाताला धक्का लागत नाही.

तपासणीत गाल आणि कानशिलाचे स्नायू बोटांनी दाबून बघतो, तोंड किती उघडतं ते पट्टीनं मोजतो. मोठ्या माणसाचं साधारण 40 मिलिमीटर तरी उघडायला हवं. गालाची आतली बाजूही चाचपतो, कारण सुपारी-गुटख्यानं तोंड आखडतं तो आजार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. चकती ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो, आणि तो प्रत्येकाला करायची गरज नसते. फी या तपासणीची आणि सल्ल्याची आहे.

सांगितलेलं दीड-दोन महिने नेटानं करूनही ठणका राहिला, तर या, स्प्लिंटचं बघू. गरज वाटली तर ओरल सर्जनच्या नावे चिठ्ठी देतो. मात्र तोंड अचानक अडकलं, दोन बोटंही आत जाईनाशी झाली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी या, अपॉइंटमेंट नसली तरी चालेल.