स्प्लिटमधली घरं म्हणजे अतिक्रमण नव्हे

‘क्रोएशियाला जाताय? स्प्लिट वगळा!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश बरेच दिवस मराठी प्रवासी गटांमध्ये फिरतो आहे. मुद्द्यामागून मुद्दे, खाली एका भव्य रोमन अँफिथिएटरचा फोटो आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. मी तो आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. पण परवा माझ्या आत्यानं आणि तिच्या मैत्रिणींनी तो वाचून स्प्लिटचे मुक्काम रद्द केले. एवढंच नाही, तर व्हिसाच्या अर्जातल्या तारखाही त्याच संदेशाच्या भरवशावर ठरवायला घेतल्या. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला स्प्लिटमधला डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा बघण्यापासून कुणी तरी असं परावृत्त करावं, याचा मला मनापासून राग आला आहे.

फोटोपासूनच सुरुवात करते. तो स्प्लिटचा नाही, पुला या शहराचा आहे. पुला हे क्रोएशियाच्याच किनाऱ्यावरचं शहर, पण पार उत्तरेला, इस्त्रिया द्वीपकल्पाच्या टोकाशी. स्प्लिटपासून रस्त्यानं सुमारे पाचशे किलोमीटर. स्प्लिटच्या जुन्या शहरात अँफिथिएटर नाहीच. संदेश लिहिणाऱ्यानं हे शहर पाहिलेलं नाही, हे इथंच कळतं.

आता व्हिसा, कारण यात माणसं खरोखर अडकतील. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. संदेशात म्हटलंय: ‘क्रोएशिया शेंगेनमध्ये नाही. तिथले दिवस मोजले जात नाहीत. कुना बरोबर ठेवा.’ ही माहिती एके काळी खरी होती, आता नाही. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी कुना हे जुनं चलन जाऊन युरो आला. त्याआधी दोन किंवा अधिक वेळा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असला तर क्रोएशियात वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येत असे आणि तिथले दिवस शेंगेनच्या हिशेबात धरले जात नसत. कुणी तरी तेव्हाची टिपणं आज पुढे ढकलतंय.

याचा परिणाम काय होतो ते आत्याच्याच बेतावरून सांगते. आधी इटली, मग अँकोनाहून रात्रीच्या बोटीनं स्प्लिट, पुढे क्रोएशियातलंच दुब्रोव्हनिक आणि परत. ‘क्रोएशियाचे दिवस मोजत नाहीत’ म्हणून त्या व्हिसा फक्त इटलीच्या दिवसांपुरता मागणार होत्या. तसा तो मिळाला असता तर क्रोएशियातला प्रत्येक दिवस मुदतीबाहेरचा ठरला असता. मुदत ओलांडली की दंड होऊ शकतो, पुढच्या प्रवेशावर बंदी येऊ शकते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं. शिवाय अर्ज कुठल्या देशाच्या वकिलातीकडे करायचा हे सर्वाधिक मुक्काम कुठे आहे त्यावर ठरतं. म्हणजे क्रोएशियाचे दिवस धरले नाहीत तर अर्जच चुकीच्या दारात जाऊ शकतो.

याच मुद्द्याला जोडलेला सल्ला आहे: ‘स्प्लिटऐवजी मोस्तारला जा, वाटेतच आहे.’ मोस्तार बोस्नियात आहे आणि बोस्निया शेंगेनच्या बाहेर. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल आणि तुम्ही मोस्तार बघायला सीमा ओलांडलीत, तर परत क्रोएशियात शिरता येणार नाही. दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी बोस्नियाच्या न्यूम गावातून जावंच लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल खुला झाल्यापासून ती सक्ती संपली आहे. तरीही बसचं तिकीट काढताना गाडी कुठल्या मार्गानं जाते ते विचारून घ्या.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो. संदेशातले शब्द असे: ‘राजवाडा म्हणजे झोपडपट्टी झाली आहे. रोमन खांबांमध्ये लोकांनी घरं घुसवली आहेत, भिंतींवर कपडे वाळत घालतात. सरकारनं या अतिक्रमण करणाऱ्यांना हाकलून राजवाडा मोकळा करायला हवा होता. बघण्यासारखं काही उरलेलं नाही.’

हे वाक्य जितक्या वेळा पुढे गेलं असेल तितक्या वेळा एका शहराचा चौदाशे वर्षांचा इतिहास पायदळी गेला आहे. डायोक्लेशियन हा याच भागातला, जवळच्या सालोनाच्या परिसरात जन्मलेला. सैन्यातून वर आला, इ.स. २८४ ते ३०५ सम्राट होता आणि १ मे ३०५ रोजी आपणहून पायउतार झाला. निवृत्तीसाठी त्यानं समुद्रकाठी हा राजवाडा बांधून घेतला. साधारण २१५ मीटर लांब, १८० मीटर रुंद, चार बाजूंना चार दरवाजे. अर्धा राजवाडा आणि अर्धी लष्करी छावणी असा त्याचा आराखडा. सालोना तेव्हा डाल्मेशिया प्रांताची राजधानी होती, म्हणजे खरं मोठं शहर ते. सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांत सालोना पडलं. तिथले लोक जीव वाचवून पळाले, काही बेटांवर गेले, आणि मग या रिकाम्या राजवाड्याच्या जाड भिंतींआड येऊन राहिले. आज ज्यांना ‘अतिक्रमण करणारे’ म्हटलं जातंय, ते या निर्वासितांनी वसवलेल्या शहराचे रहिवासी आहेत.

आता दोन्ही जागा शेजारी ठेवून बघा. सालोना ओस पडलं. शतकानुशतकं लोक तिथले घडीव दगड उचलून नेत राहिले. तिथलं अँफिथिएटर सतराव्या शतकात व्हेनेशियनांनी पाडून टाकलं, तुर्कांना आडोसा मिळू नये म्हणून. आज तिथं पाये, सरकोफॅगस म्हणजे दगडी शवपेट्या, काही कमानी आणि गवत आहे. राजवाड्यात माणसं राहिली, म्हणून राजवाडा उभा आहे. भिंत घराची असली की माणूस ती पडू देत नाही. पश्चिमेचा लोखंडी दरवाजा आणि उत्तरेचा सुवर्णदरवाजा बघा. दोन्हींच्या वर, पहारेकऱ्यांच्या जागेत, लोकांनी छोटी चर्च केली. सुवर्णदरवाज्यावरचं संत मार्टिनचं चर्च इतकं अरुंद आहे की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. डायोक्लेशियनची अष्टकोनी समाधी तिचं कॅथेड्रल झालं म्हणून टिकली. जुपिटरचं मंदिर बाप्तिस्म्याची जागा झालं म्हणून त्याचं दगडी छत आजही वर आहे. पेरिस्टिल चौकातल्या ज्या खांबांमध्ये घरं ‘घुसवली’ असा आक्षेप आहे, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा घरांच्या भिंतींनी भरल्यामुळे उलट त्या कमानींना आधार मिळाला.

आणि ‘हाकलून द्या, मोकळं करा’ ही कल्पनाही नवी नाही. ऑस्ट्रियन राजवटीत, शंभरेक वर्षांपूर्वी, नेमकी हीच टूम निघाली होती. नंतरच्या इमारती पाडायच्या आणि शुद्ध रोमन अवशेष उघडे करायचे. त्या वेळी आलोइस रीगल या व्हिएन्नाच्या कला-इतिहासकारावर राजवाड्यातल्या मध्ययुगीन आणि त्यापुढच्या वास्तूंची पाहणी करण्याचं काम सोपवलं गेलं. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाचा सारांश हाच की स्प्लिटचं मोल जुन्या आणि नव्याच्या एकत्र नांदण्यात आहे. नंतरचे थर खरवडून काढले तर रोमन भाग वाचत नाही, शहर मात्र जातं. वारसास्थळं कशी जपावीत याचा आधुनिक विचार ज्यांच्यापासून सुरू होतो त्यांत रीगलचं नाव फार वरचं आहे. त्याचं न ऐकता काही इमारती पुढे पाडल्याच गेल्या. समाधीजवळचा बिशपचा जुना वाडा १९२४ मध्ये गेला. तिथं आज नुसती मोकळी जागा आहे.

युनेस्कोनं १९७९ मध्ये जी नोंद केली ती सुद्धा नीट वाचा. नोंद नुसत्या राजवाड्याची नाही, ‘डायोक्लेशियनच्या राजवाड्यासह स्प्लिटचा ऐतिहासिक समूह’ अशी आहे. त्यात बाराव्या-तेराव्या शतकातली रोमनेस्क चर्च आली, मध्ययुगीन तटबंदी आली, पंधराव्या शतकातले गॉथिक वाडे आले. म्हणजे ज्या घरांमुळे जागा ‘खराब झाली’ असं संदेश सांगतो, ती घरंही जागतिक वारशाच्या त्याच नोंदीत आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल एवढंच म्हणते, की तिथं अजून कुणी तरी राहतं याची ती खूण आहे आणि ती दिसली की मला बरं वाटतं.

इथं एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि ती मला आवडत नाही. संदेशात ‘प्रचंड गर्दी, महागाई, दारू पिऊन हिंडणारे पर्यटक’ असंही आहे. जुलै-ऑगस्टपुरतं ते खरं आहे. क्रूझची जहाजं लागली की पेरिस्टिलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात तरुणांच्या झुंडी नुसत्या पार्टीसाठी येतात. रस्त्यात दारू पिण्यावर आणि जुन्या शहरात पोहण्याच्या कपड्यांत फिरण्यावर दंडाचे फलक पालिकेनं लावले आहेत, ते उगाच नाही. आणि भिंतींआतली कितीतरी घरं आता पर्यटकांना भाड्यानं दिली जातात, कायमचे राहणारे कमी होत चालले आहेत. पण मग तक्रार नीट करा. राजवाड्याला धोका तिथं राहणाऱ्यांपासून नाही. ते निघून गेले तर आहे. संदेश नेमकं उलटं सांगतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत जा, निम्मी तक्रार उरणार नाही.

तळघराबद्दल लिहिलंय: ‘खाली अंधारकोठड्या आहेत, तिथं हजारो ख्रिस्ती कैद्यांना सिंहांपुढे टाकत. कमकुवत मनाच्या माणसांनी जाऊ नये.’ एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेतल्या ड्रॅगनांचं चित्रीकरण या तळघरात झालं, त्यावरून कुणाची तरी कल्पना धावलेली दिसते. जमीन समुद्राकडे उतरती आहे. वरचे सम्राटाचे महाल सपाट पातळीवर यावेत म्हणून खाली हे दगडी कमानींचे दालन उभारले, इतकंच. डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ केला, ३०३ पासून अतिशय क्रूरपणे केला. सालोनाचा बिशप डोम्नियस त्यातच मारला गेला. पण ते सालोनात, आणि सम्राट तेव्हा इथं राहतही नव्हता. पुढे त्याच डोम्नियसच्या नावानं सम्राटाच्या समाधीचं कॅथेड्रल झालं आणि सम्राटाचा सरकोफॅगस नाहीसा झाला, त्यामुळे ‘सम्राटाचं शव आजही चर्चमध्ये आहे’ हा मुद्दाही निकालात निघतो.

तळघर बघण्याचं खरं कारण वेगळं आहे. वरचे महाल जवळजवळ गेले, पण खालच्या दालनांची रचना वरच्यासारखीच असल्यानं सम्राटाच्या खोल्या कुठे, केवढ्या होत्या ते खाली चालताना कळतं. ही दालनं टिकली कशी? वरच्या घरांतला केरकचरा शतकानुशतकं खाली पडत राहिला, दालनं गच्च भरली आणि त्यामुळे कुणाला ती मोडता आली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तो कचरा उपसून ती मोकळी केली गेली. इथंही वाचवलं ते राहणाऱ्यांनीच.

बाकीचं भराभर. ‘राजवाड्यात शिरायला महागडं तिकीट लागतं, आधी एजंटाकडून घ्या’: साफ खोटं. राजवाड्यात केव्हाही शिरता येतं, कारण आत रस्ते आणि घरं आहेत. समुद्राकडून तळघराच्या मधल्या दालनातून पेरिस्टिलपर्यंत चालत जायलाही काही पडत नाही. तळघराचे बाजूचे भाग, कॅथेड्रल, घंटाघर, जुपिटरचं मंदिर यांना तिकीट आहे, ते तिथंच मिळतं. ‘स्फिंक्स नकली’: नाही. पेरिस्टिलमधला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स इजिप्तमधून आणलेला आणि राजवाड्याहून हजारांहून अधिक वर्षं जुना आहे. ‘शाकाहारी उपाशी मरतात’: पूर्वेच्या भिंतीबाहेर रोज भाजीबाजार भरतो. ब्लित्वा ही पालेभाजी बटाट्याबरोबर सगळीकडे मिळते आणि तीच पालेभाजी भरून केलेलं सोपार्निक हे या भागाचं जुनं खाणं आहे. ‘नळाचं पाणी पिऊ नका’: पाणी याद्रो नदीचं आहे आणि निर्धास्त पिता येतं. याच याद्रोवरून डायोक्लेशियननं सुमारे नऊ किलोमीटरचा जलसेतू बांधून राजवाड्यात पाणी आणलं होतं. एकोणिसाव्या शतकात तो दुरुस्त करून पुन्हा वापरातही आणला गेला.

राहिला शेवटचा, ‘दोन तासांत उरकतं’. दोन तासांत भिंतीला वळसा घालून होतो. पण बुविना या कारागिरानं १२१४ मध्ये कोरलेली कॅथेड्रलची लाकडी दारं एकेक चौकट बघत उभं राहायचं, तळघर आणि वरचं शहर जोडून समजून घ्यायचं, मार्यान टेकडीवरून बंदर बघायचं आणि सालोनाला जायचं, तर दोन मुक्काम हवेतच. त्यातही सालोना टाळू नका. ते ओस गाव बघितल्याशिवाय राजवाड्यातल्या घरांचं महत्त्व कळत नाही. स्प्लिटच्या राष्ट्रीय नाट्यगृहापाशी एक क्रमांकाची शहर बस मिळते. उन्हाळ्यात सकाळी लवकरची धरा, तिथं सावली फार थोडी आहे.